खुर्चीतली मोकळी जागा

मला सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. चित्रकलेचा वर्ग नवऱ्याने लावून दिला. "दुपारी धाकटा झोपला की तू नुसती भिंतीकडे बघत बसतेस. त्यापेक्षा कागदाकडे बघ," म्हणाला. भिंतीकडे बघत बसायचं कारण त्याला माहीत होतं. मलाही. आमची थोरली गेली त्याला वर्ष होत आलं होतं. सहा वर्षांची होती. ताप आला आणि उतरलाच नाही.

त्याहून वाईट म्हणजे मला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता. फोटो नणंदेने बांधून माळ्यावर टाकले होते. ते उतरवायचा धीर नव्हता, आणि आई असून विसरले, हे बोलायची सोय नव्हती.

वर्गातल्या बाई कडक. पहिले काही दिवस नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, मग वर्तुळं.

"हे काय आहे?"

"वर्तुळ."

"बटाटा आहे. उद्या परत काढा."

मग एकदा त्यांनी घरी करायला अभ्यास दिला. खुर्ची काढायची, पण खुर्ची काढायची नाही. तिच्या पायांमधली, हातांमधली मोकळी जागा तेवढी बघायची आणि तिची कड काढायची. "ठाऊक आहे ते काढू नका. दिसतं ते काढा. आणि मोकळी जागा मोकळीच ठेवा, आत काही भरू नका," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा झोपला. त्याचा श्वास चालू आहे ना, ते दोनदा बघितलं (सवय लागली आहे) आणि आरशासमोरच्या लाकडी खुर्चीपुढे बसले. पडदे ओढलेले होते. पंख्याच्या आवाजाखेरीज घरात आवाज नव्हता. पेन्सिल हळूहळू कडेने फिरवली आणि बाजूची जागा काळी करत गेले. मधे पांढरं उरलं, ते खुर्चीच्या हातांमध्ये मावणारं होतं, पण चौकोनी नव्हतं. वर गोल, खाली दोन खांदे, गुडघे जवळ घेतलेले.

ती तशीच बसायची त्या खुर्चीत. वेणी घालून घ्यायला.

बाईंचं ऐकायला हवं होतं. मी त्या गोलात डोळे काढले. नाक काढलं. तीळ तेवढा पक्का आठवत होता, तो डाव्या गालावर काढला. इतक्यात धाकटा रडला आणि मी उठले.

संध्याकाळी नवऱ्याने कागद उचलला. दिव्याखाली नेऊन बघितला. मग म्हणाला, "तीळ बरोबर काढलास. उजव्या गालावर. मला वाटायचं, तू विसरत चालली आहेस..."

"डाव्या गालावर काढलाय मी."

त्याने कागद माझ्यापुढे धरला. तीळ उजव्या गालावर होता. डाव्या गालावर कागद घासून विरला होता, आणि ओला होता.

"तूच पुसला असशील."

"खोडरबर हाताशी असताना थुंकी कशाला लावीन मी?"

त्याने त्या ओल्या जागेवरून बोट फिरवलं. थुंकी लावून पुसायची सवय कुणाची होती, हे त्याला सांगावं लागलं नाही. शाळेतून तक्रार आली होती तशी. रात्री त्याने माळ्यावरचे फोटो उतरवले. तीळ उजव्याच गालावर होता.

माझी चूक कुठे झाली, ते तेव्हा कळलं. सकाळच्या घाईत तिचा चेहरा मी नेहमी आरशातच बघायचे. ती पुढे खुर्चीत, मी मागे, हातात कंगवा. समोर बसवून नीट बघायला वेळ होताच कुठे मला?

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली, आणि धाकट्याला घेऊन दुसऱ्या खोलीत पडून राहिले. भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. पण ती येणार नाही याची जास्त वाटली.

उठून बघितलं तर कागदावर एक बटाटा होता. माझ्यासारखाच, वेडावाकडा. त्यात मोठे डोळे, हसरं तोंड, हातात कंगवा. भांग उलट्या बाजूला. म्हणजे तीही मला आरशातूनच ओळखत होती. मी तो कागद छातीशी धरून रडले, आणि रडून झाल्यावर पुन्हा बघितला.

चित्रातल्या बाईचे केस कानापर्यंत कापलेले होते.

ती होती तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते. कापले ते ती गेल्यावर, त्याच आरशासमोर, एकटीने.

वर्ग सोडला आहे. आरसा काढायला नवरा तयार होता, मीच नको म्हटलं. केस मात्र आता आरशाकडे पाठ करून विंचरते. न बघता, नुसत्या अंदाजाने.

तरी भांग रोज सरळ पडतो.