तेविसाव्या दिवसाचा थेंब

१९५६ च्या ऑगस्टमध्ये पद्माच्या छातीतून काढलेलं पाणी मी स्वतःच तपासायला नेलं. जुन्या गोरखी वाड्याजवळच्या सरकारी प्रयोगशाळेत अकरा वर्षं मी हेच काम करत होतो. मध्यभारत मोडून नवं राज्य होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, म्हणून तिथे जागोजाग खोकी पडली होती.

क्षयाचे जंतू दिसले. पांढऱ्या पेशींनी त्यांना गिळलं होतं आणि ते आत सुखरूप होते. एरवी अशी पेशी जंतूसकट मरते, आणि तिच्या मरणानं शरीर सावध होतं. या मरत नव्हत्या.

संध्याकाळी नया बाजारच्या आमच्या खोलीत पद्मानं विचारलं, "अहो, काय दिसलं?"

"तुझ्या पेशी फार चिवट आहेत. मरायला तयार नाहीत."

"म्हणजे मी जगेन ना?"

मी हो म्हणालो. न मरणारी पेशी म्हणजे जंतूंचं बिनधोक घर, हे मला ठाऊक होतं.

इंजेक्शनं चालू होती. पाणी काढल्यापासून नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

तेरावा करून कामावर आलो. उबेच्या पेटीत तिची काचपट्टी तशीच होती. त्याच पाण्याचा, मेणानं बंद केलेला एक थेंब. शरीराबाहेर या पेशी दोन-तीन दिवस टिकतात. टाकून देण्याआधी एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पेशी सरकत होत्या.

आमचे प्रमुख मानसिंगराव यांना बोलावलं. ते बराच वेळ वाकून राहिले.

"कितवा दिवस?"

"तेविसावा."

"अन् वहिनी..." त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले. "जाळून टाका, रमाकांत. बस. हे भोपाळला न्यायचं नाही."

मी जाळलं नाही. रोज पाहत राहिलो. काचेच्या ज्या कडेला मी बोट ठेवी, त्या कडेला पेशी गोळा होत. मानसिंगरावांनी बोट ठेवून पाहिलं, तेव्हा एकही हलली नाही.

ऑक्टोबरअखेर पेटीची वीज तोडली. गारठल्या तर मरतील, म्हणून काचपट्टी कापसात गुंडाळून मी काखेत धरली. भोपाळ येईपर्यंत तो हात हलवला नाही.

तिथे उघडून पाहिलं.

काच शाबूत. मेण शाबूत. थेंब रिकामा.

तिच्या चितेपाशी मी रडलो नव्हतो. तिथे, न उघडलेल्या खोक्यांमध्ये बसून रडलो.

आठवड्यानं आम्हा नव्या लोकांची रक्ततपासणी झाली. तिथल्या तपासनीस सुमनताईंनी मला बोलावलं.

"रमाकांतजी, काचांची अदलाबदल झाली वाटतं. या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला बारीक गाठ लोंबतेय ना? दोन वर्षांपूर्वीच कळलंय, ही फक्त बायकांच्या रक्तात असते. तुमचं पुन्हा घेते."

त्यांनी सुई उचलली.

मी बाही खाली ओढली.