आठ किलोंत चौदा महिने

पार्सल ऑफिसच्या काट्यावर मी माझा निळा कोट ठेवला, तेव्हा मागे कुणी उभं नाही अशी माझी समजूत होती. घरच्या काट्यावर तो एक किलो चारशे भरला होता, आणि तेवढं मला परवडणारं नव्हतं. इथेही तेवढाच भरला.

"खांदे काढून टाका," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. एक माणूस. हातात पार्सल, गळ्यात मोजपट्टी. ती काढून ठेवायला तो विसरला असावा.

"कोटाचे म्हणतोय. आतल्या गाद्या. सत्तर ग्रॅम सहज कमी होतील... आणि खरं सांगू? त्या तुम्हाला शोभतही नाहीत."

खरं तर मी रागवायला हवं होतं. पण तोंडून निघालं, "सत्तर कशावरून?"

समोरच्या गल्लीत त्याचं शिवणकामाचं दुकान होतं; सगळे त्याला मास्टर म्हणत, पुढे मीही म्हणू लागले. संध्याकाळी त्याने गाद्या उसवल्या आणि मी पर्समधून छोटा काटा काढून त्या मोजल्या. अडुसष्ट. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घालून उगाचच सुईत दोरा ओवला.

मी समुद्राच्या पाण्यातले क्षार मोजते. पुढचे चौदा महिने जहाजावर राहायचं होतं. दर तीन आठवड्यांनी नवं बंदर, आणि प्रत्येक बंदरात अनोळखी लोकांसमोर उभं राहून बोलायचं. उपकरणांनीच जागा खाल्ल्यामुळे स्वतःचं सामान माणशी आठ किलो, वर एक ग्रॅमही नाही. प्रयोगशाळेतले म्हणाले, दोन पँटी आणि चार टी-शर्ट टाक, बघतंय कोण. ताई फोनवर म्हणाली, जहाजावर तुला मिरवायचंय कुणासमोर? चुरगळलेल्या कपड्यांत माझा आवाजसुद्धा बारीक होतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्टरना सांगितलं.

ते हसले नाहीत. सगळे कपडे घेऊन या म्हणाले. कापायच्या टेबलावर ढीग पसरला आणि त्यांनी नियम घातला : वरचा कुठलाही कपडा खालच्या कुठल्याही कपड्यावर चालला पाहिजे. एकाच जोडीदाराचा हट्ट धरणारा बाहेर. माझा आवडता पिवळा कुर्ता पहिल्याच फेरीत गेला. उरले निळा, राखाडी आणि मरून. राखाडी स्कर्ट त्यांनी असा शिवला की उलटा घातला की निळा. वरचे पाच, खालचे तीन, मी वहीत तक्ता केला आणि म्हटलं, पंधरा जोड.

"कोट विसरलात, मॅडम. कोटाशिवाय, कोट उघडा, कोट बंद. पंचेचाळीस."

आकडेमोडीत मी हरले आणि मला बरं वाटलं. हे लक्षण काही ठीक नव्हतं.

मग रोजच काहीतरी निघायला लागलं. कधी हेम, कधी बटण. इस्त्रीची वाफ, खडूची पूड, बाही बघताना मनगटापाशी क्षणभर थांबलेली त्यांची बोटं... आणि तिथेच मला त्यांची वही दिसली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचं एक पान. माझ्यासमोरच एका आजोबांनी मुलाकडे कायमचं राहायला जातोय म्हणून सांगितलं. मास्टरनी त्यांचं पान फाडून पाकिटात घातलं आणि दिलं. तिथल्या शिंप्याला दाखवा, म्हणाले. गाव सोडणाऱ्याचं पान ते ठेवत नसत.

त्या दिवसापासून डोक्यात एकच प्रश्न. चौदा महिने म्हणजे गाव सोडणं की नाही? विचारायचं कसं? मी कपडे मोजत राहिले. सात किलो नऊशे नव्वद. सगळं जमलं होतं, तो प्रश्न सोडून.

निघायच्या सकाळी बारीक भुरभुर होती. मी कोट घ्यायला गेले. मास्टरनी कोटाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. शेवटी त्यावर एक पाकीट ठेवलं.

"जपून जा," म्हणाले. एवढंच.

घरी येऊन मी पाकीट काट्यावर ठेवलं. चार ग्रॅम. बसत होतं. बसत नसतं तर बरं झालं असतं, ठेवून तरी देता आलं असतं. टॅक्सी दाराशी आली तेव्हा मी ते फोडलं.

वहीचंच पान होतं. छाती अडतीस. खांदा साडेसतरा. बाही तेवीस... ही मापं माझी नव्हती. खाली त्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं : "तुमचं पान वहीतच आहे. हे माझं."

मी ते तीनदा वाचलं. मग बॅग टॅक्सीत टाकली आणि ड्रायव्हरला म्हटलं, आधी पार्सल ऑफिससमोरच्या गल्लीत घ्या.

मास्टर मशीनशी बसले होते, मशीन बंद. मला बघून उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"आगाऊपणा झाला असेल तर..."

"माप चुकलंय," मी म्हटलं. "बाही तेवीस शक्यच नाही. एकट्याने स्वतःची बाही मोजताना खांद्यावरचं टोक खाली घसरतं. पट्टी द्या."

त्यांनी गळ्यातली पट्टी काढून दिली. मी खांद्याच्या शिवणीवर टोक धरलं, मनगटापर्यंत आले.

"साडेचोवीस," मी म्हटलं. "चौदा महिन्यांनी मी पुन्हा मोजणार आहे. तोवर बदलू नका."

"नाही बदलणार," ते म्हणाले. मग अगदी हळू, "झालं मोजून?"

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"एका रीडिंगवर आम्ही विश्वास ठेवत नाही," मी म्हटलं आणि पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली.