ताणावरच्या बागेतला उजेड

माणिकबाई बाजेवरच्या कुरडया उलटत होत्या, तेवढ्यात वरूडच्या रस्त्यानं एक हिरवी जीप आली आणि त्यांच्याच संत्र्याच्या बागेशी थांबली. मे महिन्यातली दुपार, कुरडई टाकल्या टाकल्या वाळावी असं ऊन. माणिकबाईंनी हातातली कुरडई तशीच धरून रस्त्याकडे पाहिलं. या बागेशी हिरवी गाडी याआधी एकदाच आली होती, तीन वर्षांपूर्वी. तेव्हाच्या साहेबानं टोपी काढून सांगितलं होतं, की तुमचा शुभम सहा सोबत्यांसह बर्फाच्या कड्याखाली गेला, शोध चालू आहे. पुढं शोध थांबला. शुभम काही सापडला नाही.

या खेपेला वर्दीतली एक बाई उतरली, तिशीतली. टोपी डोक्यावरच होती. ती पाहून माणिकबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःचाच राग आला. आता आणखी कोणती बातमी यायची राहिली होती? एकुलता एक तर लेक.

"मी मेजर आरती. अकोल्याचीच आहे मावशी, घाबरू नका. गुरुवारी तुमच्या बागेवर उजेड दिसला म्हणे. त्याची चौकशी करायला आले."

म्हणजे हा त्या व्हिडिओचा प्रताप! शेजारच्या आचलनं दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून मोबाइलमध्ये काढला आणि दोन दिवसांत साऱ्या जिल्ह्यात फिरवला. पोट्टीच्या पोटात काही राहील तर शपथ. कोणी म्हणे उडती तबकडी, कोणी म्हणे दुश्मनाचं ड्रोन. पोलीस येऊन चहा पिऊन गेले होते. आता फौज आली.

माणिकबाईंचे मालक नत्थुजी यांनी खुर्ची आणली, माणिकबाईंनी पाणी दिलं. ग्लास घेताना त्या मेजरच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. मोठं, पुरुषी, पट्ट्याला जास्तीचं एक भोक पाडलेलं. माणिकबाईंना राहवलं नाही.

"घड्याळ कोनाचं व माय?"

"भावाचं. श्यामचं." आरतीनं वही उघडली. "तोही फौजेत होता. पाच वर्षांपूर्वी डोंगरात गस्तीवर गेला, सापडलाच नाही. आई अजून रोज त्याचं ताट वाढते."

माणिकबाई कळवळल्या. नत्थुजींनी मात्र मान फिरवली, कारण या घरातलं भांडण नेमकं हेच होतं. देह नाही मिळाला तरी पोराच्या नावानं पाणी द्यावं, दहावं-तेरावं करून त्याला मोकळं करावं, असं ते तीन वर्षं म्हणत होते. माणिकबाई ऐकत नव्हत्या. डोळ्यानं पाहिलं नाही त्याला मेलेला कसं म्हणू? एकदा पाणी दिलं की संपलं. मग संध्याकाळी दाराकडे पाहत बसायचं तरी कोणासाठी?

"उजेड केवढा होता, मावशी? आवाज?"

"दिवेलागन झाल्ती. कुरड्या उचलाले गेल्ती मी. कंदिलाएवढा उजेड, मानसाच्या उंचीवर. आवाज नाही काही. उलट किडेसुद्धा चूप झाले. अन्... मले थंडी वाजली."

"या उन्हाळ्यात?"

"दात वाजत होते, बाप्पा. खोटं काहून सांगू?"

आरतीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग आरतीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन तिघं बागेत गेले.

मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्यासाठी, बाग ताणावर होती. ताणावर, म्हणजे महिना-दीड महिना झाडांना पाण्याचा थेंब द्यायचा नाही. झाड तहानेनं पार सुकत आलं की मग पाणी सोडायचं, तेव्हा कुठं ते अंगभर फुलतं. नत्थुजी या बाबतीत भारी कडक. मोटारीची वायर काढून त्यांनी घरात खुंटीला टांगून ठेवली होती. पानं वळून गेली होती आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

तिसऱ्या ओळीत, विहिरीकडच्या एका झाडाचं आळं मात्र पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं.

"ताण कोनं मोडला?" नत्थुजी ओरडले. "सांगा, कोनं मोडला?"

आरती गुडघ्यावर बसली. पाण्यात हात घातला आणि झटकन बाहेर ओढला. बोटं लाल झाली होती. तळव्यावर बर्फाची एक चकती होती, आणि त्या उन्हातही ती विरघळायला वेळ घेत होती.

ते झाड शुभमचं होतं. आठ वर्षांचा असताना त्यानं स्वतः कलम लावलं होतं. बाग ताणावर गेली की पोरगं रडकुंडीला यायचं, "बाबा, त्याले तहान लागली ना!" आणि कोणाचं लक्ष नसलं की ग्लासभर पाणी ओतून यायचं. दरवर्षी ते झाड बाकीच्यांसोबत फुलायचं नाही, दरवर्षी शुभम मार खायचा. फौजेत गेला, मिशा आल्या, तरी सुटीवर आला की ही खोड कायम.

माणिकबाईंनी हे सगळं आरतीला सांगितलं. शेवटच्या फोनचंही सांगितलं. "म्हने, आई, इथं चारी बाजूनं पानीच हाय, पन गोठलेलं. स्टोव्हवर वितळवा लागते, तवा घोटभर भेटते."

आरतीचं पेन थांबलं. नत्थुजी धुऱ्यावर बसले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ढसाढसा रडले. "पानी पाजाच्या पायी मारलं म्या त्याले... झाडाले पानी पाजाच्या पायी..."

घरी जायचं कोणालाच सुचलं नाही. दिवस बुडाला. किडे एकदम गप्प झाले. उन्हानं तापलेल्या मातीचा वास गेला आणि रॉकेलच्या स्टोव्हचा वास आला. थंडी पायांपासून वर चढू लागली. मग तो उजेड झाडाशी आला आणि उभा राहिला. आरतीच्या गळ्यात कॅमेरा होता, तिनं त्याला हात लावला नाही.

"शुभम..." माणिकबाई पुढं झाल्या. "लेकरा... झाडाले पाजलं तू... तू पेला काय रे?"

उजेड थरथरला. माणिकबाईंना उमगलं. वितळवलेला घोट न् घोट पोरगं या झाडाला आणून घालत होतं आणि स्वतः तहानलेलं राहिलं होतं. आणि आपण? तीन वर्षं आपण त्याला ताणावर ठेवलं.

आरतीसाठी आणलेला तांब्या त्यांनी उचलला, पाणी ओंजळीत घेतलं. त्यांच्या ओंजळीखाली नत्थुजींनी ओंजळ धरली. दोघांनी शुभमचं नाव घेतलं आणि पाणी दिलं. उजेड हळूहळू खाली बसला, तेल सरलेल्या दिव्यासारखा, आणि मातीत गेला. अंगाला पुन्हा उकाडा जाणवला.

"मी अहवालात हवामानाचा फुगा लिहिते," आरती डोळे पुसत म्हणाली.

"लिही माय. अन् अकोल्याले पोचली की फोन करजो."

फोन दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आला. माणिकबाई बागेतच होत्या.

"पोचले, मावशी. घरीच आहे. आज काही दिसलं?"

"एक गेला व. पन त्याचे संगी आले. झाडापाशी उभे हायेत, ओळीनं. त्याईलेही कोनी पानी देल्लं नसन. नावं सांग मले, नावाबिगर कसं देऊ?"

आरतीनं चौकशीच्या कागदांतून यादी काढली. मग शुभमच्या सहा सोबत्यांची नावं एकेक करून सांगितली. नत्थुजी तांब्यानं पाणी देत होते, माणिकबाई नाव घेत होत्या, आणि नावागणिक एकेक उजेड खाली बसत होता. सहा झाले.

"आरती... अजून एक हाय."

"सहाच होते, मावशी."

"हा झाडापाशी नाही आला. रस्त्यावर उभा हाय. काल तुयी जीप उभी होती ना... थेच जागा."

 मग आरती बोलली तेव्हा फौजेतली भाषा पार गळून गेली होती. "मावशी... त्याचं नाव श्याम हाय. त्यालेही पानी द्या."

माणिकबाईंनी तांब्या घेतला, श्यामचं नाव घेतलं, पाणी दिलं. कोरड्या मातीनं ते पिऊन टाकलं. उजेड तसाच. तो खाली बसला नाही, मागं वळला आणि रस्त्याला लागला.

"तो माह्या हातचं पेत नाही, पोरी. त्याची माय ताट वाढते ना रोज? तिले सांग, पानीही ठेव म्हना. तो अकोल्याच्या रस्त्यानं निघाला."

फोनमध्ये आरतीच्या मागं कुठंतरी भांडी ठेवल्याचा आवाज आला, आणि एका म्हातारीनं विचारलं, "आरती, खिडकी लाव व... एवढा गारठा काहून येऊन राहिला?"