लिलावातली जीप

ही घडलेली हकीकत आहे. एकोणीसशे सेहेचाळीसच्या थंडीत, रहिमतपुरात, तीही दिवसाउजेडी.

त्या सकाळी नाथाजी नेहमीप्रमाणे तांबडे फुटताच उठले. चूळ भरली, बायकोने, लीलाबाईंनी, दिलेला गुळाचा चहा घेतला आणि अंगणातल्या जीपचे बॉनेट उघडले. लढाईत ते ड्रायव्हर होते. फौजेतून सुटल्यावर मिळालेली सारी पुंजी घालून त्यांनी लष्करी लिलावातून ही जुनी जीप घेतली होती. सांगलीची भाडी मारूनच आता घर चालणार होते.

पलटणीत गाडी तपासायची रीत ठरलेली होती. एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसून विचारायचे. दुसऱ्याने उघड्या बॉनेटआड उभे राहून, बघून सांगायचे.

आता दुसरा कोणी नव्हता. तरी सवयीने नाथाजी बसून विचारीत आणि मग स्वतःच उतरून बघत.

"पाणी?"

"...हाय."

आवाज बॉनेटपलीकडून आला. घोगरा, पुरुषी.

नाथाजी उतरले. पलीकडे कोणी नव्हते.

रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. गंजाचे पाणी काढायला आदल्या संध्याकाळी त्यांनीच तो रिकामा केला होता...

"लीला, गाडीत पाणी तू घातलंस?"

"हितं प्यायला पाणी वढता वढता कंबार मोडली, आन् तुमच्या मडमेला मी पाजू व्हय?"

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

"तेल?"

"हाय."

"हवा?"

...

उत्तर आले नाही. नाथाजींनी चाके पाहिली. मागच्या टायरात खिळा रुतला होता.

म्हणजे जे नसेल, तिथे तो गप्प राही.

नंतर एकदा लीलाबाईंनीही उंबऱ्यात उभे राहून तो आवाज ऐकला. त्यांचा चेहरा उतरला.

"आवं, गाडी कुनाची हाय ते तरी इचारा त्याला!"

नाथाजी सीटवर बसले.

"पाणी?"

"हाय."

"तेल?"

"हाय."

"...मालक?"

झाडावरची पाखरे एकाएकी गप्प झाली.

"हाय."

या वेळी आवाज बॉनेटआडून आला नव्हता. तो शेजारच्या रिकाम्या सीटवरून, अगदी कानाशी आला होता...

नाथाजींनी मान वळवली नाही.

"घरी कळवलंय?"

शांतता.

"गाव? ...कराड?"

शांतता.

"वाळवं?"

शांतता.

"कुंडल?"

"...हाय."

जीप घेऊन ते कुंडलला गेले आणि लढाईवरून न परतलेल्या ड्रायव्हरचे घर विचारले. लोकांनी अख्तरबीचे दार दाखवले. तिचा जाफर ब्रह्मदेशात बेपत्ता झाला, एवढेच तिला सरकारकडून समजले होते. बेपत्ता. म्हणून ती अजून रोज त्याची भाकरी झाकून ठेवत होती.

नाथाजी म्हणाले, "मावशी, ही जीप जाफर चालवत हुता."

एवढे बोलायलाही त्यांच्याजवळ पुरावा नव्हता.

म्हातारीने पत्र्यावरून हात फिरवला. बराच वेळ.

"म्हंजी गाडी गावली सरकारला."

"व्हय, मावशी."

"आन् त्यो न्हाई गावला?"

ब्रह्मदेशाच्या चिखलातून नाथाजींनी स्वतः गाड्या ओढून काढल्या होत्या. आधी गाड्या काढा, असा हुकूमच असे.

आवाजाबद्दल ते बोलले नाहीत. ते ऐकून तिने वाट पाहणे सोडले असते की अधिकच धरून ठेवले असते, हे त्यांना पुढे आयुष्यभर ठरवता आले नाही.

"ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

"मी काय करू रं बाबा हिचं?"

"ऱ्हाऊ द्या."

त्यांनी जीप चिंचेखाली लावली. सुरू करायचे हँडल तिच्या हातात दिले, मागच्या सीटवरची आपली घोंगडी उचलली, मुंडाशाचे टोक दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळले आणि स्टेशनची वाट धरली.