लूर्डस टीचरचा कागद

संकेत, मघाशी खाली सोसायटीच्या ऑफिसात कुणाच्या तरी कागदावर साक्षीदार म्हणून सही केलीस ना? वाचलास तो कागद? नाही वाचलास. बस इथे. लाइट काही तासाभरात येत नाही आणि गच्चीवर वारा बरा आहे. अश्लेषा, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर, डोळ्यांवर येतोय. हिना, तू भुताची गोष्ट मागत होतीस ना? ही भुताचीच आहे. माझ्या दोस्तावर आलेला प्रसंग आहे, खरा. आजवर कुणाला सांगितला नाही, कारण त्यात माझंही तोंड काळं झालेलं आहे.

आपल्या बी विंगमधले सॅन्टन अंकल तुम्हाला आठवत असतील. सॅन्टन तुस्कानो. टेलिफोन खात्यात आम्ही एकतीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. त्यांची मोठी बहीण लूर्डस. शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळा गाव तिला टीचर म्हणायचा. लग्न केलं नाही. नंदाखालला बापाचं घर आणि मागे केळीची वाडी, तिथे एकटी राहायची. सॅन्टन तिला बाय म्हणायचा.

टीचरला फुप्फुसांचा आजार झाला. बरा होणारा नव्हता, आणि ते तिला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिने आपल्या आईला अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या अवस्थेत जाताना पाहिलं होतं. चोवीस सालच्या फेब्रुवारीत तिने आम्हाला बोलावलं आणि दोन कागद पुढे ठेवले. एक मृत्युपत्र. घर आणि वाडी सॅन्टनच्या नावे. ते तिने आधीच वेगळ्या माणसांच्या साक्षीने केलेलं होतं. दुसरा कागद वेगळा होता. आपण शेवटच्या अवस्थेत असू, परत येण्याची आशा नसेल, तर श्वासाचं यंत्र लावू नका, लावलं असेल तर काढा, असं लिहिलेला. कायद्याने असा कागद करता येतो. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी लागतो.

सॅन्टनची बायको मर्सी म्हणाली, "टीचर, पण हे आपल्या धर्मात चालतं का?"

टीचर हसली. "मी फादरना विचारून आलेय. जगण्याची जबरदस्ती देवही करत नाही, म्हणाले."

मग माणिकपूरला नोटरीकडे गेलो. साक्षीदार दोघं. एक तिची शेजारीण फ्लोरा. दुसरा मी.

मी वाचला नाही. 'कुठे करू सही?' एवढंच विचारलं. टीचर म्हणाली, "जयवंत, आधी वाच." मी म्हटलं, "तुमच्यावर विश्वास आहे टीचर." तिने चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे. नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं. महापालिकेत एक प्रत द्यायची होती, ते काम तिने सॅन्टनकडे सोपवलं. तो उद्या देतो, परवा देतो म्हणत राहिला. ती प्रत टीचरच्या कपाटातल्या फाइलमध्येच राहिली.

सात सप्टेंबरला टीचरला दवाखान्यात हलवावं लागलं. दोन दिवसांत श्वास तुटायला लागला. डॉक्टरांनी सॅन्टनला बाजूला घेतलं आणि विचारलं, "यांनी आधी काही लिहून ठेवलंय का? असा कागद असला तर आम्ही डॉक्टरांच्या समित्या बसवून विचार करू शकतो."

सॅन्टन सांगणारच होता. पण बाकड्यावर त्यांचा चुलतभाऊ अँथनी बसला होता. तो तासाभरापूर्वीच सहज म्हणाला होता, "आता वाडी तुझीच ना रे?"

सॅन्टनच्या डोक्यात ते रुतलं. वाडी माझ्या नावे, आणि मीच म्हणू यंत्र लावू नका? गावात काय म्हणतील? चर्चच्या पायऱ्यांवर लोक काय बोलतील?

तो डॉक्टरांना म्हणाला, "नाही. काही लिहिलेलं नाही."

पहिल्यांदा तोंडातून नळी घातली. बाराव्या दिवशी गळ्याला भोक पाडून तिथून. त्या संमतीवर सॅन्टननेच सही केली. ती मधूनमधून शुद्धीवर यायची आणि नळी ओढायची, म्हणून तिचे हात पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधले. चौतीस दिवस. तेरा ऑक्टोबरला ती गेली.

काय गं अश्लेषा?

"काका, पण... तुम्हाला माहीत होतं ना? तुम्ही का नाही सांगितलंत?"

फ्लोरा मस्कतला लेकीकडे गेली होती. म्हणजे कागद माहीत असलेले बाहेरचे आम्ही... मी एकटाच. मी दोनदा गेलो दवाखान्यात. काचेतून बघितलं. दुसऱ्यांदा ती जागी होती. माझ्याकडे बघत होती. मी हात जोडले आणि खाली येऊन चहा प्यालो. मनात म्हटलं, त्यांच्या घरातला प्रश्न आहे, आपण कशाला मध्ये पडायचं. हेच माझं उत्तर आहे, पोरी. दुसरं नाही.

आता त्या रात्रीचं सांगतो.

एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. आदल्या दिवशी विधानसभेचं मतदान झालं होतं. टीचरची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होऊन आठ दिवस झाले होते. सातबाऱ्यावर नाव चढवायला वकिलाने अस्सल मृत्युपत्र मागितलं होतं आणि ते नंदाखालच्या कपाटात होतं. दिवसा गेला असता तर कुणी ना कुणी विचारलं असतं, काय नेतोस? म्हणून सॅन्टन रात्रीचं जेवण करून स्कूटरवर निघाला. सोपारा, निर्मळ करत पावणेअकराला पोचला. वाडीत पानांची सळसळ होती. बाकी सगळं झोपलेलं.

मर्सीने मिस्सा झाल्यावर घराचा मेन स्विच खाली केला होता. त्याने तो वर केला नाही. उजेड दिसला असता. मोबाइलच्या टॉर्चवर आतल्या खोलीत गेला, टीचरच्या खोलीत. खाट, टेबल, कपाट. खाटेवर पांढरी चादर नीट घातलेली.

कपाटातून फाइल काढली. वर मृत्युपत्र होतं. ते पिशवीत टाकलं. खाली तो दुसरा कागद आणि त्याची प्रत.

त्याच्या मनात आलं, फ्लोरा काही परत येत नाही. जयवंत बोलणारा नाही. हा कागद फाडला की संपलं. तो त्याने प्रतीसकट घडी करून शर्टाच्या खिशात घातला. घरी जाऊन फाडू म्हणाला.

आणि मागून आवाज आला.

फुस्स्... टक्.

तो थांबला. वाटलं, बाहेर कुणाचा तरी पंप असेल.

फुस्स्... टक्.

पंप नव्हता. तो आवाज त्याने चौतीस दिवस ऐकला होता. झोपेतही ओळखला असता.

मेन स्विच बंद. घर बंद. आणि आवाज खाटेकडून.

फुस्स्... टक्.

तो वळला नाही. वळू शकला नाही. टॉर्च कपाटावरच राहिला. कपाटाच्या दाराला आरसा होता.

आरशात ती दिसली.

खाटेवर बसलेली. दवाखान्याचा हिरवा झगा. केस मोकळे. दोन्ही हात अंगाच्या बाजूला, मनगटं पट्टीने दांड्याला बांधलेली.

गळ्याशी... तिथे बघवलं नाही त्याला.

तिने तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आला नाही. गळ्याच्या भोकातून नुसती हवा.

ती बोलत होती. सारखी बोलत होती. नुसती हवा...

तो वळला आणि गुडघ्यांवर बसला. "बाय, चुकलो. माफ कर मला."

तिने मान हलवली. नाही.

"मिस्सा सांगतो. नऊ दिवस सांगतो."

नाही.

"वाडी नको मला. चर्चला देतो, बाय. कुणाला पण देतो."

नाही.

ती त्याच्या खिशाकडे बघत होती.

त्याने कागद काढला. पुढे केला. ती घेणार कशी? हात बांधलेले. तिने कागदाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. पुन्हा कागदाकडे.

तेव्हा त्याला कळलं.

वाचायचं होतं.

त्याने सुरुवात केली. "मी, लूर्डस तुस्कानो, वय एकाहत्तर, राहणार नंदाखाल, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता..."

"मोठ्याने," असं तिने म्हटलं नाही. म्हणू शकत नव्हती. पण आवाज वाढला. फुस्स् टक्. फुस्स् टक्.

त्याने मोठ्याने वाचलं. एकेक ओळ. यंत्र लावू नये. गळ्याला छेद देऊ नये. मला माझ्या घरी न्यावं. प्रत्येक ओळीनंतर तो आवाज थोडा मंद होत होता. सॅन्टनला हे कळत होतं आणि कळूनही पुढची ओळ वाचवत नव्हती.

पुढची ओळ अशी होती. "माझा भाऊ सॅन्टन हे माझ्या वतीने डॉक्टरांना सांगेल. तो सांगेल, याची मला खात्री आहे."

तो थांबला.

फुस्स् टक् फुस्स् टक् फुस्स् टक्...

"माझा भाऊ..." म्हणाला. रडू आलं. परत सुरुवात केली. परत थांबला. तिसऱ्यांदा ती ओळ पूर्ण झाली. तो मला म्हणाला, जयवंत, जमिनीने गिळावं असं वाटलं, पण जमीनही तिचीच होती.

मग तारीख. मग नोटरीचं नाव. मग साक्षीदार. फ्लोराचं नाव वाचलं.

मग माझं.

फुस्स्...

टक् आलाच नाही.

शांत. इतकं शांत की वाडीतली पानंही वाजेनात.

त्याने टॉर्च वर केला. खाट रिकामी. चादरीवर सुरकुती नाही.

रात्री साडेबाराला माझी बेल वाजली. दारात सॅन्टन. शर्ट घामाने भिजलेला, कागद हातात. बसवलं, पंखा लावला. त्याने हे सगळं सांगितलं, जसं मी तुम्हाला सांगितलं तसं. शेवटी म्हणाला, "तुझं नाव वाचलं ना, तेव्हा ती दाराकडे बघायला लागली. तू आलायस का ते बघत होती."

मी त्याला म्हटलं, उजाडलं की दोघं जाऊ.

पुढचं आधी सांगून टाकतो. सॅन्टनने तो कागद दवाखान्यात नेऊन त्या डॉक्टरांच्या पुढे ठेवला. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "आता याचा काय उपयोग?" सॅन्टन म्हणाला, "उपयोग नाही. पण तुम्ही विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो." रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याने अँथनीला, फादरना, सगळ्यांना सांगितलं. काही माणसं त्याच्याशी अजून बोलत नाहीत. वाडीवर त्याने स्वतःचं नाव चढवलं नाही, मृत्युपत्र वकिलाकडेच पडून आहे. इथला फ्लॅट भाड्याने देऊन तो आणि मर्सी नंदाखालला राहतात. त्याने स्वतःचाही तसा कागद केला. साक्षीला मला बोलावलं. मी सगळा वाचला, दोनदा.

पण त्या बावीस तारखेच्या सकाळचं एक राहिलं.

उजाडताच आम्ही दोघं नंदाखालला गेलो. सॅन्टनने कुलूप काढलं. तो ओट्यावरच थांबला, म्हणाला, तू जा. मी एकटा आत गेलो. खिडकी उघडली. रिकाम्या खाटेपुढे उभा राहिलो, आणि जे काचेबाहेर उभं राहून डॉक्टरांना सांगायला हवं होतं ते मोठ्याने सांगितलं. मी साक्षीदार आहे. मला माहीत होतं. मी गप्प बसलो. वेड्यासारखं वाटलं, पण बोललो.

मग टेबलाकडे लक्ष गेलं.

टेबलावर स्टीलचा पेला होता. अर्धा पाण्याने भरलेला.

मी सॅन्टनला हाक मारली. "काल पाणी प्यालास इथे?"

"पाणी? कुठलं पाणी?" तो म्हणाला. "मेन स्विच बंद, पंप बंद. टाकी रिकामी."

स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. नळ कोरडा. माठ महिनाभर पालथा, त्यावर धूळ. परत आलो. पेल्यात बोट बुडवलं. पाणी गार होतं, विहिरीतून आत्ता काढल्यासारखं.

हिना, गळ्यात नळी असलेल्या माणसाला तोंडाने पाणी देता येत नाही. चौतीस दिवस तिथली नर्स टीचरच्या ओठांवरून ओला कापूस फिरवायची, बस. हे मला सॅन्टनने तिथे खोलीत उभं असताना सांगितलं. तोवर मला माहीत नव्हतं.

आम्ही दोघं त्या पेल्याकडे बघत उभे राहिलो. मी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

पेल्याच्या कडेवर ओठांची ओल होती... अजून सुकली नव्हती.