झुवैनाची वरात आणि मिठाचा रस्ता

झुवैनाची वरात मिठावरून न्यायची की डांबरावरून, एवढंच पाहून यायचं होतं. ज्या कामाआधी माणसं 'एवढंच' म्हणतात, त्या कामाला निघताना पाण्याचे दोन कॅन जास्त घ्यावेत, असा मतरचा अनुभव होता. त्यानं ते घेतले.

मतर नवरीचा बाप. उमेदीची सगळी वर्षं त्यानं वाळवंटातल्या वस्त्यांना पाणी पोचवणारा टँकर चालवला होता. त्यामुळे बर्र अल हिक्मानच्या किनाऱ्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता त्याला विचारूनच तयार झालाय, असं नातेवाईक धरून चालत. नवऱ्या मुलाचं गाव, खोर दूम, किनाऱ्याच्या पार टोकाला. डांबरी रस्ता तिथं जातो, पण म्हातारी आत्या बाजारात जाते तसा. वाटेत सगळ्यांची चौकशी करत. सरळ जायचं तर मध्ये मिठाचं पठार पडतं. नजर पोचेल तिथवर पांढरं, सपाट, पापडासारखं वाळलेलं. ते कोरडं असलं तर दोन तासांत गाव. आतून ओलं असलं, तर गाव नाही आणि गाडीही नाही.

मतरचा थोरला भाऊ थानी वरातीचा म्होरक्या होता. त्याचं म्हणणं ठाम होतं. "सूर्य मावळायच्या आत पोरगी त्यांच्या दारात उतरली पाहिजे. अंधारात चोरटा माल उतरवतात, नवरी नाही."

म्हणजे मिठावरूनच. म्हणून पहाटेच्या नमाजानंतर मतर आणि त्याचा मेव्हणा सुवैलिम रस्ता पाहायला निघाले. गाडी सुवैलिमची, कोरी करकरीत. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं आणि काढायचा विचारही नव्हता. बसलं की ते कुरकुरायचं, आणि ती कुरकुर सुवैलिम संगीतासारखी कान देऊन ऐकायचा.

निघताना त्यानं वरातवाल्यांशी करार केला. "पुढं फोन लागत नाही. तेव्हा ऐका. रस्ता खराब निघाला, तर आम्ही परत मिठाच्या फाट्यावर, डांबर सोडतो तिथं, येऊन उभे राहू. आम्ही दिसलो नाही, तर समजा रस्ता मस्त आहे आणि आम्ही खोर दूमला बसून हलवा खातोय!"

सगळ्यांना पटलं. मतरला त्यात काहीतरी खटकलं, पण काय खटकलं ते सापडेपर्यंत गाडी सुटली होती.

फाट्यापर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. रात्रीच्या दवानं खडी अजून काळसर होती. दूर उंटांची एक रांग कुणाची वाट पाहत नव्हती आणि कुणाला वाट देतही नव्हती. सुवैलिमनं टायरमधली हवा थोडी कमी केली, कॉफीचा थर्मास मतरकडे दिला आणि गाडीच्या ताकदीविषयी बोलायला लागला. तो विषय मिठाच्या कडेपर्यंत पुरला.

उतारापासून बरंच बाजूला, वाळूच्या उंचवट्यावर कोळ्यांचा तळ होता; खबर घ्यायला ते आधी तिकडे वळले. खजुरीच्या झावळ्यांच्या दोन खोपी, दोरीवर वाळत घातलेले मुशी माशाचे तुकडे, वर ओढलेल्या दोन होड्या आणि त्या ओढायला लागणारा एक गंजका ट्रॅक्टर. खोपीच्या सावलीत मबखूत नावाचा पिकल्या दाढीचा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. सुवैलिमनं गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि काच खाली केली.

"सलाम आलेकुम! काय खबर, चाचा?"

"वालेकुम सलाम. खबर काही नाही. सगळं क्षेम. तुमची काय खबर?"

"काही नाही. क्षेम. मिठाचा रस्ता कसा आहे?"

"अल्लाची मेहेरबानी. उतरा, कॉफी घ्या."

मतरचा हात दाराच्या कडीवर गेला. ह्या मुलखात खबर दोनदा विचारतात. पहिल्यांदा उभ्याउभ्या, तेव्हा उत्तर एकच असतं: सगळं क्षेम. मग बसायचं, खजूर खायचा, कॉफी प्यायची आणि मग समोरचा घसा खाकरून सांगतो की उंट मेले, विहीर आटली आणि मुलगा पळून गेला. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं.

"दाजी, बसा खाली," सुवैलिम म्हणाला. "ह्यांची कॉफी म्हणजे दुपार. क्षेम म्हणाला ना तो?"

"क्षेम तर सगळेच म्हणतात."

"मग सगळेच क्षेम असतील! तुम्हाला माझ्या गाडीवर भरवसा नाही, असं सरळ सांगा की."

लग्नाच्या दिवशी बायकोच्या भावाला सरळ काही सांगायचं नसतं. मतरनं कडी सोडली. मबखूतनं छातीवर हात ठेवून निरोप दिला आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

सुरुवातीला मीठ भलतंच सज्जन वागलं. जुन्या गाड्यांनी दाबून तपकिरी केलेली चाकोरी सरळ जात होती. मतर अधूनमधून उतरे, टाच आपटून पाही, पुढं चालत जाई. टाच खणखणीत वाजे. उजवीकडे, फार लांब, समुद्राची पातळ निळी रेघ होती आणि तिच्यावर रोहित पक्ष्यांचे गुलाबी ठिपके. वारा नव्हता. इतकी शांतता, की सीटचं प्लास्टिकही खालच्या पट्टीत कुरकुरत होतं.

एका ठिकाणी मतर उतरून बराच वेळ खाली पाहत राहिला. चाकोरीचा रंग तिथं गडद झाला होता.

"परवा पौर्णिमा झाली," तो परत येऊन म्हणाला. "उधाणाची भरती आहे. पाणी वरून येत नाही, खालून चढतं. फिरव गाडी."

"एवढ्याशा डागाला? कडेनं घालतो की. तिथं बघा कसं पांढरंशुभ्र आहे!"

"चाकोरी सोडू नकोस. सुवैलिम! सोडू..."

सोडली.

पुढची दोन चाकं पांढऱ्याशुभ्र मिठावर चढली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पापड मोडल्यासारखा आवाज आला. गाडीचं नाक खाली गेलं! सुवैलिमनं घाबरून पाय दाबला. चाकं गरगरली. काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल काचेवर उडाला. "थांब! पाय काढ!" मतर ओरडला. पाय निघाला, पण तोवर गाडी पोटावर बसली होती. चारी चाकं चिखलात, आणि ती चौघंही आता निवांत दिसत होती.

दोघांनी खूप प्रयत्न केले. फावड्यानं उकरलं, तर खड्ड्यात पाणी भरलं. जॅक लावला, तर गाडी वर यायच्याऐवजी जॅक खाली गेला. मतरनं स्टेपनी काढून जॅकखाली ठेवली. गाडी बोटभर उचलली गेली, आणि मग जॅक, स्टेपनी व सुवैलिमची उरलीसुरली आशा एकदमच चिखलात उतरली. गाडीतल्या जाड पायपुसण्या चाकाखाली सरकवायला काढल्या, तेव्हा सुवैलिम कळवळून म्हणाला, "त्या धुवायच्या नसतात, दाजी."

मतरनं त्या तशाच चाकाखाली कोंबल्या. तो समुद्राकडे बघत होता. निळी रेघ जाड झाली होती. रोहित पक्षी जवळ सरकले होते.

आणि तेव्हा, सकाळपासून खटकत होतं ते त्याला सापडलं.

"सुवैलिम," तो अगदी हळू म्हणाला, "आपण फाट्यावर दिसलो नाही, तर ते काय समजणार?"

सुवैलिमनं फाट्याच्या दिशेनं मान वळवली.

रस्ता मस्त आहे. तसंच समजणार होते. दुपारच्या नमाजानंतर दहा-बारा गाड्या निघणार. फाट्यावर कुणी नाही हे पाहून आनंदानं हॉर्न वाजवणार आणि मिठावर उतरणार, एकामागोमाग एक. सगळ्यांत शेवटी झुवैनाची गाडी. पुढचे रुतले की मागचे कडेनं पुढं काढायला बघणार, पांढऱ्याशुभ्र मिठावरून. गाड्यांत म्हाताऱ्या, तान्ही मुलं, नवरी. आणि समोरून भरती.

"चल," मतर म्हणाला.

"गाडी अशी एकटी टाकून?"

"तिला सोबत हवी असेल तर तू थांब. मला मुलगी आहे."

सुवैलिम निघाला. जाताना त्यानं गाडीला कुलूप घातलं.

दोघं चाकोरी धरून चालत राहिले. ऊन माथ्यावर आलं. मिठाचा उजेड खालून डोळ्यांत घुसत होता. डोक्याचे फेटे त्यांनी तोंडावर ओढून घेतले आणि जास्तीच्या कॅनमधलं पाणी घोटाघोटानं पुरवलं. मागं वळून पाहिलं, की गाडी छोटी झालेली असे आणि पाणी मोठं. तळावर पोचले, तेव्हा मबखूत तिथंच बसला होता. जाळं तेवढं बदललं होतं.

"सलाम आलेकुम. काय खबर?" मबखूतनं विचारलं.

"खबर..." मतरला श्वास पुरेना. "चाचा, गाडी रुतली. रस्ता ओला आहे."

"ठाऊक आहे. माझीसुद्धा तिथंच आहे. तीन दिवस झाले. आता टपही दिसत नाही."

सुवैलिम पुढं सरकला. "मग सकाळी 'सगळं क्षेम' कसं म्हणालात?"

"गाडी बुडाली. मी क्षेमच होतो." मबखूतनं शांतपणे खजुराची परात पुढं सरकवली. "आणि वाईट खबर खिडकीतून कशी देणार? 'उतरा' म्हटलं ना मी? तुमचं इंजिनसुद्धा बसायला तयार नव्हतं."

मतरनं ट्रॅक्टरकडे बोट केलं. "चाचा, माझ्या मुलीची वरात फाट्यावर येतेय. तुमची कॉफी मी आयुष्यभर पीन. आज ट्रॅक्टर काढा!"

मबखूत एकदम उठला. असा, की वय विसरला असावा.

ट्रॅक्टरला होडी ओढायची सवय होती, आणि होडीला घाई नसते. मबखूत सीटवर, हे दोघं मागच्या चाकांवरच्या पत्र्यांना धरून. खडीच्या मैदानातून तो धडधडत निघाला. डावीकडे क्षितिजावर धूळ उठली. लांबलचक, पिवळी. वरात! धूळ फाट्याशी आली. थांबली. मतरचा जीव कानांत गोळा झाला. मग वाऱ्यावरून हॉर्न आले. आनंदाचे, लांब, एकाला दुसऱ्यानं साथ दिलेले. फाट्यावर कुणी नव्हतं ना!

"चाचा, आडवं घाला! रस्ता सोडा, आडवं!"

ट्रॅक्टर खाचखळग्यांतून उसळला. सुवैलिम ओरडला. बहुधा कलमा होता. थानीची झेंडा लावलेली गाडी मिठाच्या उताराला लागणार, तेवढ्यात ट्रॅक्टर तिच्यापुढं येऊन आडवा उभा राहिला आणि ताबडतोब बंद पडला.

थानी खाली उतरला. पांढरा झगा, कमरेला चांदीचा खंजीर, दाढीला अत्तर. चिखलानं लडबडलेल्या धाकट्या भावाकडे त्यानं पाहिलं. पण रीत ती रीत.

"सलाम आलेकुम. काय खबर?"

"खबर काही नाही," मतर म्हणाला. "सगळं क्षेम."

जीभच ती. पन्नास वर्षं जे उत्तर दिलं, तेच तिनं दिलं, मालकाला न विचारता. थानीचा चेहरा उजळला. त्यानं मागं हात हलवला. "क्षेम आहे! चला!" इंजिनं गुरगुरली. दोन तरुणांनी गाड्या ट्रॅक्टरला वळसा घालायला बाहेर वळवल्याही.

"नाही!" मतर धावत जाऊन पहिल्या गाडीच्या बोनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. "क्षेम नाही! काहीच क्षेम नाही! रस्ता बुडाला! सुवैलिमची गाडी बुडाली! चाचांची बुडाली! भरती येतेय! मागं फिरा!"

इंजिनं एकेक करून गप्प झाली. अशी शांतता वरातीत नसते.

"मतर," थानी खालच्या आवाजात म्हणाला, "लग्नाच्या दिवशी? उभ्याउभ्या? बसून घोटभर कॉफी घेऊन सांगता आलं नसतं?"

"दादा, तोवर ही पोरं मिठात बसली असती."

थानी खंजिराच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. त्याचं मन वळेल की मोडेल, कळत नव्हतं. मागं कुठंतरी काच खाली झाली. शेवटच्या गाडीतून मेंदीनं भरलेला हात बाहेर आला आणि झुवैनाचा आवाज.

"बाबा! इथं मागं नीट ऐकू आलं नाही. रस्ता कसा आहे म्हणालात?"

"बुडाला, पोरी!"

"मग डांबरानं जाऊ. अंधार पडला तर पडू दे. ते दिवे लावतील ना!"

आत्या-मावश्या हसल्या. एकीनं जीभ हलवत लग्नातल्या उलूलूचा लांब सूर काढला, आणि त्यावर कुणाचं काही चालेना, थानीचंसुद्धा.

मग गाड्या वळल्या. रांग लांब; पुन्हा क्रम लावत बसायचं कुणाला सुचलं नाही. प्रत्येकीनं जागच्या जागी तोंड फिरवलं. त्यामुळे शेवटची गाडी पहिली झाली आणि झेंड्याची गाडी शेवटची. नवरीनं सगळ्यांच्या पुढं जायचं, असं ह्या मुलखात आधी कुणी ऐकलं नव्हतं. पण खोळंबायला वेळही नव्हता. थानी आपल्या गाडीत जाऊन बसला आणि काच वर करून पुढच्यांची धूळ झेलत राहिला.

मतर आणि सुवैलिमला जागा मिळाली ती तांदळाच्या हंड्यांच्या पिकअपमध्ये, दोन बकऱ्यांच्या मध्ये. निघताना सुवैलिमनं मिठाकडे पाहिलं. तिथं आता मीठ नव्हतं. आकाशाच्या रंगाचं शांत पाणी पसरलं होतं, आणि त्यात एका गाडीचा टप उन्हात चमकत होता.

"दाजी," तो म्हणाला, "आत प्लास्टिक आहे. सीट तरी कोरड्या राहतील."

मतरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढं बघत राहिला. धुळीच्या टोकाला, सगळ्या वरातीच्या पुढं, त्याच्या मुलीची गाडी डांबराला लागली होती.