टाचेचे तीन ठोके

निरीक्षकांच्या नोकरीचे आता नऊच दिवस उरले होते आणि त्याचं त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. चौतीस वर्षं एकाच खुर्चीत बसलं की माणूस निवृत्त व्हायच्या आधीच निवृत्त झालेला असतो. भूकंप मोजायचं ते केंद्र म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या आणि मागे डोंगरात खोदलेला साठ पावलांचा बोगदा. बोगद्याच्या टोकाला, उघड्या खडकावर यंत्र बसवलेलं होतं. त्याची तार कचेरीत आली होती आणि तिथे फिरत्या कागदावर एक लेखणी सतत रेघ ओढत असे.

रोज दुपारी तीनला निरीक्षक बोगद्यात जात आणि यंत्राशेजारी तीनदा टाच आपटत. यंत्र जागं आहे ना, हे बघायची त्यांची जुनी पद्धत. जाता-येतानाची त्यांची पावलंही कागदावर बारीक दात्यांसारखी उमटत. मुख्य कार्यालयाला तो भूकंप वाटू नये, म्हणून परत आल्यावर शेजारी पेन्सिलीने लिहायचं, 'मी'. हा शब्द लिहून लिहून त्यांना स्वतःचाच कंटाळा आला होता.

त्या सोमवारी त्यांच्या ठोक्यांनंतर साडेसोळा मिनिटांनी कागदावर आणखी तीन ठोके उमटले. बोगद्यात कोणीच नव्हतं.

साडेसोळा मिनिटं हा आकडा त्यांना तोंडपाठ होता. मोठ्या भूकंपाची लाट सरळ खाली गेली, हजारो किलोमीटर दगड आणि त्याखालचा वितळलेला थर ओलांडून पृथ्वीच्या पोटातल्या घट्ट गोळ्यावर आपटली आणि परत आली, तर तेवढाच वेळ लागतो. पण एका थकल्या माणसाची टाच तिथवर कशी पोचणार? तिचा आवाज बोगद्याच्या दारापर्यंतही येत नसे.

मंगळवारी उत्तर तेरा मिनिटांनी आलं. बुधवारी साडेआठ, म्हणजे वितळलेला थर संपून वरचा दगड सुरू होतो तिथून. गुरुवारी चार. शुक्रवारी फक्त पन्नास सेकंद, आणि त्या दिवशी बोगद्यात तापलेल्या लोखंडासारखा वास होता. उत्तर देणारं जे काही होतं, ते वर येत होतं.

त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन केला. "साहेब, तार तपासून घ्या," तिकडून उत्तर आलं. "आणि जरा झोप काढा. निवृत्ती जवळ आली की सगळ्यांनाच हादरे बसतात."

शनिवारपासून त्यांनी टाच मारणं बंद केलं. रेघ शांत झाली. हाक थांबली की ओ देणारंही थांबतं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. जास्त विचार करायचं त्राणच त्यांच्यात उरलं नव्हतं.

मंगळवारी त्यांची लेक कामावर रुजू झाली. याच केंद्रात, याच खुर्चीसाठी. चार वर्षं परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी. लहानपणी उकडलेलं अंडं कापून त्यांनीच तिला पृथ्वी दाखवली होती. टरफल, पांढरं, पिवळं. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं. हिला काय सांगायचं? खाली कोणीतरी आहे? बाप भ्रमिष्ट झाला म्हणेल, किंवा खरं मानेल आणि आयुष्यभर इथे घाबरून बसेल. दोन्ही त्यांना सोसणारं नव्हतं.

तीन वाजता ती उठली.

"टाच मारू नकोस आज," ते म्हणाले.

"का? तुम्हीच शिकवलंत ना बाबा?"

"यंत्र जुनं झालंय."

"म्हणून तर बघायला हवं." ती हसली. "तुम्ही बसा. गुडघे दुखतायत तुमचे."

ते बसले. पुढे कितीतरी दिवस त्यांना याचाच राग येत राहिला, की आपण बसलो.

लेखणी हलू लागली. लेकीची हलकी, भरभर पावलं. मग थोडा वेळ रेघ सरळ. मग ठोके... पण तीन नव्हे. प्रत्येक ठोक्याला चिकटून दुसरा ठोका होता, खालून दिलेला. मध्ये सेकंदही गेला नव्हता.

ते उठायला गेले. लेखणी पुन्हा हलली. लेक परत निघाली होती. तिची हलकी पावलं, आणि प्रत्येकामागे एक जड पाऊल. साठच्या साठ.

दार उघडलं. ती एकटीच होती.

"बाबा, माझ्या आधी कसे पोचलात?" तिने विचारलं. "आत्ता तर मागे होतात. केवढा दम लागला होता तुम्हाला..."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती मुळीच घाबरलेली नव्हती.

"हो," ते म्हणाले. "मीच होतो."

तिने पेन्सिल घेतली, आपल्या पावलांशेजारी 'मी' लिहिलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी जड पावलांशेजारी तोच शब्द लिहिला.

ती कागदावर वाकून बघत राहिली. "पण बाबा... तुमची आत जातानाची पावलं कुठेत?"

खोलीत तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. त्यांनी लेखणीकडे पाहिलं. रेघ अगदी सरळ चालली होती. बोगद्यात आता कोणी नव्हतं.